पावसाने धरलेला पापुद्रा चिकणमातीत किती पाणी अडवतो: मोजणीची पद्धत

पावसाचे थेंब उघड्या मातीवर आपटतात, कणसमूह फुटतात, सुटलेले बारीक कण वरच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि काही सरींतच पृष्ठभागावर दाट पापुद्रा धरतो. मृदाशास्त्रज्ञ मॅकइंटायर यांनी १९५८ साली अशा पापुद्र्याचे दोन थर वेगळे करून दाखवले: अगदी वर सुमारे ०.१ मि.मी. जाडीची कातडी, आणि तिच्याखाली बारीक कण शिरून गच्च झालेला काही मि.मी.चा थर. खालच्या मूळ मातीच्या तुलनेत कातडीतून पाणी झिरपण्याची क्षमता सुमारे २००० पट कमी निघाली, दुसऱ्या थराची सुमारे २०० पट.

वाळूमिश्रित मातीत हा परिणाम मोजणे त्या मानाने सोपे असते. चिकणमाती ओली होताना फुगते, तिच्या भेगा मिटतात, आणि कोरडी ढेकळे नुसता पाण्याचा स्पर्श झाला तरी फुटतात. या तिन्हींमुळे पाणी जिरण्याचा वेग घसरतो आणि तिन्हींना थेंबांच्या माऱ्याची गरज नसते. त्यामुळे ट्रेमधल्या मातीवर कृत्रिम पाऊस पाडला, वेग तासाला ४० मि.मी.वरून ५ मि.मी.वर आला, आणि सगळे खापर पापुद्र्यावर फोडले, तर तो आकडा चुकीचा. बाकी सगळे तसेच ठेवून फक्त थेंबांचा मारा काढून घेतला तर काय होते, हे शेजारी मोजलेले असेल तरच पापुद्र्याचा वाटा सांगता येतो. पुढची सगळी मांडणी या एका तुलनेसाठी आहे.

चार प्रकारचे ट्रे

मारा काढून घेण्याचे साधन म्हणजे जाळी. मच्छरदाणीची दोन पदरी जाळी मातीच्या ३ ते ५ सें.मी. वर ताणून बसवली की वरून येणारा थेंब तिच्यावर फुटतो आणि पाणी कमी उंचीवरून खाली टपकते. थेंबाची ऊर्जा काढणे सोपे आहे: १ मि.मी. पाऊस म्हणजे दर चौ.मी.ला १ किलो पाणी, म्हणून वेगाच्या वर्गाची निम्मी किंमत म्हणजे दर मि.मी. पावसाची दर चौ.मी.वरची ऊर्जा, जूलमध्ये. ५ सें.मी.वरून टपकणाऱ्या पाण्यासाठी ती ०.५ जूल येते. नैसर्गिक जोरदार पावसाची २५ च्या पुढे असते. मात्र जाळी ३० सें.मी. उंच बांधली तर ३ जूलच्या आसपास ऊर्जा मिळते, शिवाय जाळीखाली जमलेले थेंब मोठे असतात. ते दुर्लक्षिण्यासारखे नाही.

जाळी मारा थांबवते, ढेकूळ फुटणे थांबवत नाही. कोरड्या चिकणमातीवर अचानक पाणी आले की आत कोंडलेली हवा आणि असमान फुगवटा मिळून ढेकूळ फोडतात, जाळी असो वा नसो. म्हणून ओले करण्याची पद्धतही वेगळी तपासावी लागते. चार प्रकार करायचे:

१. सावकाश ओली केलेली माती, वर जाळी
२. सावकाश ओली केलेली माती, उघडी
३. हवेत वाळलेली माती, वर जाळी
४. हवेत वाळलेली माती, उघडी

पहिल्या प्रकारात फुगणे झालेले असते, पण फुटणे आणि मारा जवळजवळ नसतात. तोच पाया. दुसऱ्यात माऱ्याची भर पडते, तिसऱ्यात फुटण्याची, चौथ्यात सगळे एकत्र. प्रत्येक प्रकाराचे किमान ४ ट्रे घ्या. एकाच मातीच्या दोन ट्रेंमध्ये जिरण्याचा वेग सहज दीडपट-दुप्पट वेगळा येतो. दोन-दोन ट्रेंवर काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

माती आणि ट्रे

माती वरच्या १० सें.मी.तून घ्यावी, सावलीत हवेवर वाळवावी आणि हातांनी हलकेच मोकळी करून ८ मि.मी.च्या चाळणीतून काढावी. कुटू नका. पोत तपासण्यासाठी जशी २ मि.मी.पर्यंत दळून घेतात, तशी माती इथे वापरली तर कणसमूह आधीच तुटलेले असतात आणि पाऊस पडण्यापूर्वीच अर्धा पापुद्रा तयार होतो. चाळणीवर राहिलेली मोठी ढेकळे फोडून त्यातच मिसळण्याऐवजी वेगळी काढा आणि किती टक्के होती ते नोंदवा.

सोबत चिकणकणांचे प्रमाण, सेंद्रिय कर्ब, विद्युत वाहकता (क्षार किती आहेत याचे माप) आणि विनिमययोग्य सोडियमची (चिकणकणांना चिकटलेल्या, बदलता येणाऱ्या सोडियमची) टक्केवारी मोजून ठेवा. ही माहिती नंतर निकालाचा अर्थ लावताना लागते. साधारण २० ते ३० टक्के चिकणकण असलेल्या माती पापुद्रा धरण्यात सगळ्यांत पुढे असतात: छिद्रे बुजवण्याइतके बारीक कण असतात, पण कणसमूह घट्ट बांधून ठेवण्याइतके नसतात. ५० टक्क्यांच्या पुढच्या भारी मातीत कणसमूह बऱ्याचदा माऱ्याला टिकतात, पण कोरड्या असताना अचानक भिजल्या की फुटतात. म्हणजे भारी मातीत चार प्रकारांपैकी तिसरा ट्रे बहुधा सगळ्यांत जास्त बोलतो.

ट्रे ३० × ४० सें.मी.चा, आत ८ सें.मी. खोल. तळाला १ ते २ मि.मी. आकाराच्या कणांच्या वाळूचा ४ सें.मी. थर, तिच्यावर गाळणीचे कापड, त्यावर ४ सें.मी. माती. तळाला निचऱ्याची नळी. उताराच्या बाजूला पृष्ठभागावरून वाहणारे पाणी गोळा करणारी पन्हळ, आणि तिचा ओठ वर-खाली सरकवता येईल असा. हा सरकता ओठ वरवरची सोय वाटते, पण चिकणमातीत त्याच्याशिवाय चालत नाही. माती फुगून काही मि.मी. वर आली की स्थिर ओठाच्या ट्रेमध्ये ती ओठाच्या वर जाते आणि पाण्याबरोबर कडेची मातीही ढासळते. उलट ओठ उंच राहिला तर पाणी तुंबते, आणि तुंबलेल्या पाण्याची गादी थेंबांचा मारा सौम्य करते.

भरायची माती वजनाने ठरवा. घनता १.१५ ग्रॅम प्रति घन सें.मी. हवी असेल तर ३० × ४० × ४ म्हणजे ४८०० घन सें.मी.साठी ५५२० ग्रॅम कोरडी माती लागते. हवेत वाळलेल्या मातीत ८ टक्के ओल असेल तर प्रत्यक्ष वजन ५९६२ ग्रॅम. ती चार समान भागांत घालून प्रत्येक थर फळीने हलका दाबा, आणि पुढचा थर घालण्यापूर्वी आधीच्या थराचा वरचा भाग काट्याने खरवडा. तसे न केल्यास थरांच्या सांध्यावर पाणी अडते आणि तो अडथळा पापुद्र्याच्या नावावर जमा होतो.

ट्रेच्या गुळगुळीत भिंती हा दुसरा नेहमीचा घोटाळा. माती जरा आकसली की भिंतीलगत फट पडते आणि पाणी तिथून सरळ खाली जाते. भिंतींना आतून इपॉक्सी लावून त्यावर जाडी वाळू चिकटवली की माती धरून राहते. शंका आली तर प्रयोग संपल्यावर निळ्या रंगाचे पाणी घालून माती कापून पाहा. रंग कडेनेच उतरला असेल तर त्या ट्रेचे आकडे बाद.

सावकाश ओले करायचे ट्रे तळाच्या नळीतून ओले करावेत. पाण्याची पातळी आधी वाळूपर्यंत आणा, मग तासाला २ मि.मी.हून जलद नाही अशा बेताने वर चढवा. यात सहज एक दिवस जातो. माती पूर्ण ओली झाली की पातळी पुन्हा खाली उतरवा, निचरा होऊ द्या आणि मग ओठ मातीच्या पृष्ठभागाशी जुळवून घ्या.

पाणी: नळाचे चालणार नाही

पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात. त्याची विद्युत वाहकता बहुधा ०.०५ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्याही खाली असते. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात ती याच्या कितीतरी पट असते, आणि त्यातले कॅल्शियमसारखे क्षार चिकणकणांना एकत्र धरून ठेवतात. अशा पाण्याचा पाऊस पाडला की कण विखुरत नाहीत, पापुद्रा भुसभुशीत होतो आणि जिरण्याचा वेग खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. विनिमययोग्य सोडियम ६ टक्क्यांच्या आत असलेल्या मातीही शुद्ध पाण्यात विखुरतात, जरी एरवी त्यांना कोणी सोडियमयुक्त म्हणणार नाही. डिस्टिल्ड, आयनमुक्त किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरा आणि प्रत्येक वेळी वाहकता मोजून लिहा. आरओचे पाणी चालते, पण ते यंत्रागणिक बदलते, आधी मोजा.

पाण्याचे तापमानही नोंदवा. २० अंशांवर पाण्याची विष्यंदिता (वाहण्याला होणारा आतला विरोध) १.००२ मिलिपास्कल-सेकंद असते, ३० अंशांवर ०.७९८. म्हणजे तीच माती, तोच पापुद्रा, तरी ३० अंशांवर वेग सव्वापट. सगळे आकडे २० अंशांवर आणून मगच तुलना करावी.

पाऊस पाडणे

सुयांचे पाऊसयंत्र घरच्या कारखान्यातही बनतो. पाणी भरलेल्या सपाट पेटीच्या तळाला इंजेक्शनच्या २१ गेजच्या (गेज म्हणजे सुईच्या जाडीचा क्रमांक) सुया २.५ सें.मी. अंतरावर बसवायच्या. पेटी ट्रेपेक्षा चारही बाजूंनी ५ सें.मी. मोठी हवी, म्हणजे ४० × ५० सें.मी., नाहीतर ट्रेच्या कडांना कमी पाऊस मिळतो. त्यात १६ × २० अशा ३२० सुया बसतात. तासाला ४८ मि.मी. पाऊस हवा असेल तर पूर्ण पेटीतून मिनिटाला १६० मि.लि. पाणी पडले पाहिजे, म्हणजे प्रत्येक सुईतून ०.५ मि.लि.

थेंबाचा आकार वजनावरून काढा. १०० थेंब एका झाकणात धरून वजन करा. ते १.३४ ग्रॅम भरले तर एक थेंब १३.४ मि.ग्रॅ.चा आणि त्याचा व्यास सुमारे २.९५ मि.मी. त्या हिशेबाने प्रत्येक सुईने मिनिटाला ३७ थेंब सोडले पाहिजेत, जे नुसते मोजूनही तपासता येते. दोन-चार सुया तुंबलेल्या असतातच. प्रत्येक फेरीपूर्वी पेटीखाली नजर टाका.

आता उंची. ३ मि.मी.च्या थेंबाचा अंतिम वेग सेकंदाला सुमारे ८ मीटर असतो, पण तो गाठायला बरीच उंची लागते. १ मीटरवरून पडलेल्या थेंबाची ऊर्जा दर मि.मी.ला सुमारे ८.५ जूल, २ मीटरवरून १५, ३ मीटरवरून १९, ५ मीटरवरून २५. तासाला ५० मि.मी.च्या नैसर्गिक पावसासाठी विशमायर आणि स्मिथ यांच्या, पावसाच्या तीव्रतेवरून ऊर्जा काढण्याच्या सूत्राने २६.७ जूल येतात. छताखाली ३ मीटर ही बहुधा परवडणारी तडजोड आहे. उंची कमी पडली म्हणून पाऊस जास्त वेळ पाडून एकूण ऊर्जेची भरपाई करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा: मंद थेंबांनी पापुद्रा कमी दाबला जातो आणि शेवटी स्थिरावणारा वेगच वरचढ राहतो. उंची आणि ऊर्जा दोन्ही लिहून ठेवा, तुलना समान ऊर्जेच्याच प्रयोगांशी करा.

स्थिर सुईतून थेंब एकाच जागी पडत राहतात आणि मातीत खळगे पडतात. मोटरने किंवा हातानेही पेटी सावकाश पुढे-मागे, डावी-उजवीकडे दोन-अडीच सें.मी. हलती ठेवा. पंख्याच्या वाऱ्याने थेंब विखुरण्याची युक्तीही लोक करतात, पण त्याने कडेचा पाऊस कमी होतो.

पाऊस सारखा पडतो का हे पाहायला ट्रेच्या जागी १२ सारखी भांडी ठेवा आणि १० मिनिटांनी प्रत्येकातले पाणी मोजा. प्रत्येक आकड्याचा सरासरीपासूनचा फरक, चिन्ह सोडून, बेरजेत घ्या. ती बेरीज भांड्यांची संख्या आणि सरासरी यांच्या गुणाकाराने भागा. १ मधून वजा करून १०० ने गुणा. हा क्रिस्टियनसेनचा समानतेचा गुणांक. तो ८० च्या खाली असेल तर यंत्र दुरुस्त करा. लहान ट्रेसाठी ९० च्या पुढे मिळवणे अवघड नाही.

प्रत्यक्ष मोजणी

ट्रे ५ टक्के उतारावर ठेवा, म्हणजे ४० सें.मी. लांबीला २ सें.मी. उंची. चारही बाजूंना ३० सें.मी. उंच उभे पत्रे लावा आणि त्यांच्या पायथ्याशी अरुंद पन्हळ: उघड्या मातीवरून उडणारे पाणी आणि माती त्यात जमते. जाळी असलेल्या ट्रेच्या पत्र्यांवरही थोडा पाऊस थेट येतो. तेवढे पाणी उघड्या ट्रेच्या पन्हळीतून वजा करायचे. जाळीच्या कडा ट्रेच्या आत वळवलेल्या असाव्यात, नाहीतर जाळीवरचे पाणी ट्रेबाहेर गळते. जाळी सैल असेल तर ती जिथे लोंबते तिथूनच धार लागते आणि खाली खळगा पडतो.

पाऊस सुरू झाल्यापासून पहिली १५ मिनिटे दर मिनिटाला, मग दर ५ मिनिटांनी वाहून आलेले पाणी वेगळ्या भांड्यात धरा. त्याच वेळांना तळातून निथळलेले पाणीही. भांडी लगेच तोला, नंतर गाळ वाळवून त्याचे वजन वजा करा. सलग तीन वाचनांत १० टक्क्यांहून कमी फरक आला की वेग स्थिरावला असे धरायचे. तासाला ४८ मि.मी. पावसात यासाठी साधारण एक ते दीड तास लागतो. पावसाचे माप मोजणीच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा घ्या, सुया तुंबून तीव्रता उतरलेली असते.

हिशेब पाहा. ट्रेचे क्षेत्र ०.१२ चौ.मी. ५ मिनिटांत ४ मि.मी. पाऊस, म्हणजे ४८० ग्रॅम. गाळ वजा जाता वाहिलेले पाणी ३८४ ग्रॅम. उरले ९६ ग्रॅम, ०.८ मि.मी., म्हणजे तासाला ९.६ मि.मी. पण पत्र्यांवर उडालेले पाणी ३६ ग्रॅम होते. ते वजा केल्यावर ६० ग्रॅम, तासाला ६ मि.मी. उडालेले पाणी विसरले तर वेग ६० टक्के फुगतो, आणि हे फक्त उघड्या ट्रेमध्ये घडते. म्हणजे चूक नेमकी आपण मोजू पाहतो त्या फरकातच शिरते आणि पापुद्रा आहे त्यापेक्षा निरुपद्रवी दिसतो.

वजाबाकीने काढलेल्या लहान आकड्याची आणखी एक अडचण आहे. पावसाच्या मापात २ टक्के चूक म्हणजे तासाला जवळजवळ १ मि.मी., आणि जिरण्याचा वेग ६ असेल तर ती चूक १६ टक्क्यांची. म्हणून वेग स्थिरावल्यावर तळातून निथळणाऱ्या पाण्यावर जास्त विश्वास ठेवावा. सावकाश ओल्या केलेल्या ट्रेमध्ये मातीत नवे पाणी साठत नाही, त्यामुळे निथळणे आणि जिरणे सारखे असले पाहिजे. कोरड्या ट्रेमध्ये ओल तळापर्यंत पोचेपर्यंत वजाबाकीशिवाय इलाज नाही. तिथे ट्रे पावसाआधी आणि नंतर तोलून जमाखर्च जुळवा. ३ टक्क्यांहून जास्त तफावत आली तर कुठेतरी गळती आहे.

एक अट मात्र सुरुवातीलाच तपासा. जाळीच्या ट्रेमधून पाणी वाहिलेच नाही तर तिथला वेग म्हणजे फक्त पावसाची तीव्रता. मातीची खरी क्षमता त्याहून जास्त असू शकते. तीव्रता वाढवा, किंवा गुणोत्तर सांगताना परिणाम 'किमान एवढा' असे लिहा.

आकड्यांचा अर्थ लावणे

निव्वळ हिशेब समजावा म्हणून काही आकडे धरू: स्थिरावलेला वेग तासाला मि.मी.मध्ये, पहिल्या प्रकारात २०, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ११, चौथ्यात ४. सावकाश ओल्या मातीत माऱ्याने वेग २० चा ६ झाला, म्हणजे ०.३० पट. नुसत्या फुटण्याने २० चा ११, म्हणजे ०.५५ पट. दोन्ही परिणाम एकमेकांशी संबंध नसलेले असते तर एकत्र ०.१६५ पट, म्हणजे ३.३ मि.मी. यायला हवे होते. आले ४. फुटलेल्या ढेकळांनी थेंबांचे थोडे काम आधीच उरकले होते. आणि कोणी फक्त चौथा ट्रे चालवून सुरुवातीचा वेग व शेवटचा वेग यांची तुलना केली असती तर फुगणे, भेगा मिटणे, फुटणे आणि मारा या चौघांचा हिशेब पापुद्र्याच्या एकट्याच्या खात्यात गेला असता.

चार-चार ट्रेंची सरासरी काढताना वेगांचे लॉगरिदम घेऊन भूमितीय सरासरी काढा. जिरण्याचे वेग एका बाजूला लांब शेपूट असलेले असतात; एखाद्या ट्रेमधल्या एका फटीने साधी सरासरी पार बिघडते.

आलेख काढताना आडव्या अक्षावर वेळ न घेता पडलेला एकूण पाऊस घ्या, किंवा त्याहून बरे, एकूण ऊर्जा. मोरिन आणि बेन्यामिनी यांनी १९७७ मध्ये सुचवलेले समीकरण याच विचाराचे आहे: वेग सुरुवातीच्या किमतीवरून शेवटच्या किमतीकडे एकूण पावसाच्या घातांकाने घसरतो. त्यातला घसरणीचा गुणांक आणि शेवटचा वेग या दोन आकड्यांत पापुद्र्याची ओळख येते: तो किती लवकर धरतो आणि धरल्यावर किती अडवतो.

पापुद्र्याचा स्वतःचा रोध

गुणोत्तर त्या ट्रेपुरते खरे असते. दुसरीकडे वापरता येईल असा आकडा हवा असेल तर पापुद्र्याचा रोध, म्हणजे पाण्याला तो किती अडवतो ते, काढा. त्यासाठी ट्रेच्या भिंतीतून सुमारे ६ मि.मी. जाडीच्या टोकाचा छोटा टेन्शिओमीटर (माती पाणी किती जोराने ओढते ते मोजणारे उपकरण) पृष्ठभागाखाली १० मि.मी.वर आडवा बसवावा लागतो, तोही माती भरतानाच. नंतर खुपसला तर भोवती वाट तयार होते.

वेग स्थिरावल्यावर पापुद्र्यावर १ मि.मी. पाणी उभे आहे, पापुद्रा ३ मि.मी. जाड आहे आणि त्याच्याखाली २६ मि.मी. इतके शोषण (पाणी ओढण्याचा जोर, पाण्याच्या उंचीत मोजलेला) दिसते असे समजा. पापुद्र्याच्या वर-खालचा एकूण फरक ३० मि.मी. प्रवाह तासाला ६ मि.मी., म्हणून रोध ३० भागिले ६, म्हणजे ५ तास. जाडीला रोधाने भागले की पापुद्र्याची जलवाहकता (त्यातून पाणी जाऊ देण्याची क्षमता): तासाला ०.६ मि.मी. (टेन्शिओमीटर पापुद्र्याच्या थोडा खाली असतो, तेवढी बारीक चूक इथे सोडून दिली आहे.) जाडीचा आकडा नेहमी डगमगता असतो, रोधाचा तेवढा नाही. म्हणून अहवालात रोध आधी लिहावा.

पापुद्र्याखाली शोषण दिसणे हाच खरा पुरावा आहे. वर पाणी उभे आणि खाली माती असंपृक्त (सगळी छिद्रे पाण्याने न भरलेली), याचा अर्थ अडथळा पृष्ठभागावर आहे. टेन्शिओमीटर शून्याच्या आसपास किंवा धन दाब दाखवत असेल तर पाणी खाली कुठेतरी अडले आहे: फुगलेली माती, तुंबलेले कापड, किंवा भरतानाचा सांधा. ओला पृष्ठभाग खरवडून हीच गोष्ट तपासण्याचा प्रयत्न मात्र करू नका. ओली चिकणमाती पात्याखाली लिंपली जाते आणि एक पापुद्रा काढताना दुसरा तयार होतो.

जाडी मोजायला ट्रे वाळू द्या, खपलीचा तुकडा उचला, हाताने मोडून ताज्या कडेकडे १० पट भिंगातून पाहा. वरची गुळगुळीत, चकाकती रेघ आणि तिच्याखालचा बिनछिद्र पट्टा सहज दिसतो. १० ठिकाणी मोजा.

अडथळा माऱ्याचा की कण विखुरल्याचा, हेही वेगळे करता येते. उघड्या ट्रेंचा एक जादा संच घेऊन त्यावर हेक्टरी ५ टन या मानाने बारीक जिप्सम पसरा. आपल्या ट्रेसाठी ते ६० ग्रॅम. जिप्सम विरघळून पृष्ठभागावरच्या पाण्यात क्षार वाढवतो आणि विखुरणे थांबवतो, मारा तसाच राहतो. वेग जाळीच्या ट्रेकडे सरकला तर गुन्हेगार मुख्यतः विखुरणे. जागचा हलला नाही तर कणसमूह यांत्रिक माराच सोसत नाहीत आणि जिप्समवर खर्च करून उपयोग नाही.

वाळल्यानंतरची दुसरी सर

ओला पापुद्रा आणि वाळलेली खपली एकसारखे वागत नाहीत. चिकणमातीची खपली वाळताना तडकते, तिचे कोपरे वर वळतात आणि पुढची सर पहिल्यांदा या फटींतून आत जाते. म्हणून पहिल्या पावसानंतर सगळे ट्रे एकाच खोलीत, पंख्याखाली, ठरलेल्या वजनापर्यंत वाळवा, भट्टीत नाही. मग पुन्हा तोच पाऊस. या वेळी पहिल्या १५ मिनिटांची मिनिटागणिक वाचने सर्वांत मोलाची: वेग किती वर सुरू होतो आणि फटी मिटायला किती मि.मी. पाऊस लागतो. काही मातींत दुसऱ्या सरीचा स्थिर वेग पहिल्यापेक्षा खाली येतो, काहींत फुगण्या-आकसण्याने पापुद्रा स्वतःच मोडून वेग सावरतो. एकाच सरीवर थांबलेल्या प्रयोगाला यातले काहीच दिसत नाही.

शेतात मोजताना

दुहेरी कड्यांचा इन्फिल्ट्रोमीटर (जमिनीत ठोकलेल्या कड्यांत पाणी भरून जिरण्याचा वेग मोजणारे साधन), आत ३० आणि बाहेर ६० सें.मी. व्यासाचा, बहुतेकांच्या हाताशी असतो, पण या कामाला तो अयोग्य आहे. कडे ठोकताना पापुद्रा तडकतो, आणि काही सें.मी. उभे पाणी भेगा व बिळांतून हवे तसे उतरते. आलेला आकडा भेगांचा असतो.

त्यापेक्षा डिस्क इन्फिल्ट्रोमीटर (सच्छिद्र चकतीतून मातीला थोड्या शोषणाखाली पाणी देणारे यंत्र) २ सें.मी. शोषणावर लावा. या शोषणाला सुमारे १.५ मि.मी.हून मोठ्या पोकळ्यांत पाणी शिरत नाही, त्यामुळे भेगा मोजणीतून बाहेर राहतात. जागा जोडीने निवडा: एका ठिकाणी पापुद्रा शाबूत, हातभर अंतरावर वरची ५ मि.मी. खपली कोरडी असतानाच धारदार पात्याने उचललेली. दोन्हीकडे सारखाच, १ ते २ मि.मी. जाडीचा बारीक वाळूचा थर पसरून डिस्क टेकवा. एकीकडे वाळू आणि दुसरीकडे नाही, असे केले तर तुलनाच मोडते. अशा किमान ८ ते १० जोड्या हव्यात. यंत्राबरोबर येणारी सूत्रे माती वरपासून खालपर्यंत एकसारखी आहे असे धरतात आणि पापुद्र्याच्या मातीत ते खरे नसते. म्हणून सूत्रातून निघालेली जलवाहकता छापण्याऐवजी त्या शोषणावरचा स्थिर प्रवाह आणि जोडीचे गुणोत्तर द्या.

नैसर्गिक पावसाखाली मोजायचे तर १ चौ.मी.चे शेजारी-शेजारी वाफे, पत्र्याच्या कडा, एकावर जाळी. जाळीखाली सावली पडते आणि माती जास्त काळ ओली राहते. पुढच्या सरीला दोन्ही वाफ्यांची सुरुवातीची ओल वेगळी असेल तर फरक जाळीचा की ओलीचा हे सांगता येत नाही. पाऊस थांबला की जाळी काढा, पुन्हा आभाळ भरून आले की लावा. ते जमणार नसेल तर प्रत्येक सरीपूर्वी दोन्हींची वरच्या ५ सें.मी.ची ओल मोजा आणि ज्या सरींना ती जवळपास सारखी होती, तेवढ्याच सरी हिशेबात धरा. भेगांचे फोटो वरून, मापपट्टी ठेवून, प्रत्येक सरीपूर्वी घ्या. भेग वाफ्याच्या कडेखालून बाहेर जात असेल तर तिच्यातून गेलेले पाणी कुठल्या वाफ्याचे, हे कोणालाच सांगता येणार नाही. तो वाफा सोडून जागा बदला.